डावखुऱ्या राजाच्या नगरीत

सोमवार, ४ मार्च. सकाळी ५.४०
आजपासून वही. रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, खरं तेच लिहायचं. बायको बॅगेवर बसून चेन ओढते आहे. मदत केली असती, पण मग पहिली नोंद राहिली असती.

पार्श्वभूमी, माझ्याच माहितीसाठी. मालिका सात सीझनची. एक राजा, एक वजीर, पंख असलेले लांडगे आणि बसणाऱ्याशी खोटं बोलणारं सिंहासन. लोक ती बघतात. मी ती अभ्यासतो. सहा वेळा पूर्ण झाली. जिथे शूटिंग झालं त्या शहरात आज निघालो आहोत. शनिवारी तिथे चाहत्यांचं संमेलन, आणि त्यात दुपारी तीन वाजता माझं भाषण. विषय: 'वामहस्ताचे रहस्य'. वेळ: वीस मिनिटं.

बावीस वर्षं मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीत बसून लोकांचं ऐकतोय. घरी टीव्हीचं ऐकतो. टीव्ही बंद असला की बायकोच्या शिलाई मशीनचं. शनिवारी पहिल्यांदा एक अख्खा हॉल माझं ऐकणार. घशासाठी खडीसाखर घेतली आहे.

सकाळी ९.१५, गाडीत
माझा शोध इथे एकदा नोंदवून ठेवतो. राजा डावखुरा आहे. तलवार डाव्या हातात, पेला डाव्या हातात, थोबाडीत मारतो तीही डाव्या हाताने. हे कुणाच्याच लक्षात आलेलं नाही! पुढे अभ्यास केला तर वजीरही डावखुरा निघाला. मग न्हावी, दाई, सगळं सैन्य. म्हणजे हे डावखुऱ्यांचं राज्य आहे. पाचव्या सीझनमध्ये राणी मरताना छातीवर हात ठेवते, तो उजव्या बाजूला. म्हणजे यांचं काळीजही उजवीकडे. एकूण त्र्याहत्तर पुरावे. तीन वर्षं कुणाला अवाक्षर सांगितलेलं नाही. अशा गोष्टी चोरीला जातात.

पोस्टरवर राजाच्या उजव्या हातात तलवार दिसते, हे मला माहीत आहे. पोस्टर छापणाऱ्यांचं अज्ञान. मालिकेच्या कंपनीला, शोध न सांगता, तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. निरुत्तर झाले.

समोरच्या सीटवरचा माणूस मोबाइलवर हीच मालिका बघत होता. दीडपट स्पीडने. जागा बदलून घेतली.

संध्याकाळी ७.००
हॉटेल. जाहिरातीत लिहिलं होतं 'राजवाड्याच्या सावलीत'. खिडकीतून शेजारच्या इमारतीचा एक जाड पाइप दिसतो. त्याची सावली पडते, एवढं खरं. बाथरूमचा पडदा अंघोळ करताना अंगाला चिकटतो. किळस आली. खाली काउंटरवर लेखी तक्रार दिली. काउंटरवालीने ती घेऊन खणात टाकली. खण कसा बंद करतात त्यावरून तक्रारीचं पुढे काय होणार ते मला कळतं. काही होणार नाही.

बायको म्हणाली, गादी छान आहे, आणि झोपली. अकरा वर्षांनी बाहेर आलोय, आणि ही झोपते.

मंगळवार, ५ मार्च. दुपारी १.३०
शपथेचा जिना. राजा इथे शपथ घेतो. माझी पद्धत शास्त्रीय आहे: प्रत्येक दृश्याचं चित्र कॉम्प्युटरवर थांबवून त्याचा प्रिंट काढलाय. एकूण एक्केचाळीस. जागेवर प्रिंट डोळ्यांसमोर धरायचा आणि मागेपुढे सरकत कॅमेरा होता त्या नेमक्या ठिकाणी उभं राहायचं.

पाऊण तास सरकलो. जिना जुळत नाही. प्रिंटमध्ये दगडी भिंत डावीकडे आहे. इथे उजवीकडे. म्हणजे शूटिंगनंतर नगरपालिकेने भिंत पाडून दुसऱ्या बाजूला बांधली! वारशाची ही किंमत. शेजारच्या किल्लीवाल्याला विचारलं, ही भिंत कधी हलवली? तो म्हणाला, माझ्या पणजोबांच्या आधीपासून ती इथेच आहे. पालिकेचा माणूस दिसतोय.

संध्याकाळी ६.००
राजा जिन्यावरून उतरतो, डावीकडे वळतो, आणि पुढच्याच दृश्यात बंदरावर असतो. त्याप्रमाणे गेलो. डावीकडे, पुन्हा डावीकडे, मग कमानीतून. बंदर आलं नाही. मैलापाण्याचं पंपिंग स्टेशन आलं. मी त्याच खात्याच्या शेजारच्या खात्यात आयुष्य काढलं आहे, तो वास मला नवा नाही. पण राजाच्या वाटेवर? शी!

बायकोने एका बाईला विचारलं आणि दहा मिनिटांत आम्ही बंदरावर पोचलो. जिन्यावरून उतरून उजवीकडे. हा योगायोग.

बंदरावर बाकावर बसून बायकोने प्रिंट चाळले. पहिल्यांदाच. तिचं टेलरिंगचं दुकान आहे, त्यामुळे ती माणसं बघत नाही, कपडे बघते. म्हणाली, अहो, हा राजा बायकी शर्ट घालतो का? मी म्हटलं, काय? तर म्हणे, पुरुषाच्या शर्टाची काजं डाव्या बाजूला असतात, बटणं उजव्या. याचं सगळं उलट आहे. वजिराचंही. त्या जाड्या सेनापतीचंही. एवढं मोठं सैन्य आणि सगळ्यांना ब्लाउजची बटणपट्टी लावून ठेवली आहे.

मी शांतपणे समजावलं, की डावखुऱ्यांच्या राज्यात बटणंही डावखुरी असणार. मग लगेच वहीच्या मागे लिहून घेतलं: पुरावा क्रमांक चौऱ्याहत्तर. नकळत का होईना, तिने हातभार लावला. भाषणात नाव घ्यावं का? बघू.

बुधवार, ६ मार्च. दुपारी २.००
गाइडबरोबरची सामुदायिक सहल. चूक झाली. तेवीस माणसं, त्यातली नऊ झग्यात. एका गृहस्थांनी लांडग्याचे पंख लावले होते, ते प्रत्येक दारात अडकत होते. प्लॅस्टिकच्या तलवारी. सेल्फी. एकाही माणसाकडे प्रिंट नाही. यांना मालिका आवडते, म्हणजे यांना काय आवडतं?

गाइड ही एक हिरवी छत्री वर धरून चालणारी बाई. मी तिला छत्रीवाली म्हणतो. विषगल्लीत (वजिराला इथे विष देतात. आता तिथे दातांचा दवाखाना आहे. बाहेर मोठी दाढ टांगलेली. किळस!) छत्रीवाली म्हणाली, इथून राजा उजव्या हातात पेला घेऊन आला. मी हात वर केला. म्हटलं, डाव्या. ती म्हणाली, उजव्या. मी प्रिंट दाखवला. तिने बघितला, मला बघितलं, पुन्हा प्रिंट बघितला, आणि फारच गोड हसून म्हणाली, काका, हा प्रिंट तुम्ही कुठून काढलात?

हे तिला कशाला सांगू? आमच्या स्टोअर सेक्शनमधल्या ढब्ब्याने मला हार्ड डिस्कवर खास प्रत दिली आहे. बाजारात ती मिळत नाही, ढब्ब्याने स्वतः सांगितलंय. कोपऱ्यात लॉटरीची जाहिरात सरकत असते, तेवढं सोडलं तर अस्सल. सहाही वेळा तीच पाहिली. दुसरी प्रत बघायची गरजच पडली नाही.

मी म्हटलं, अभ्यासातून. सगळे हसले. लांडगा सगळ्यात जास्त हसला. मी सहल सोडली. सोडताना दवाखान्याची दाढ डोक्याला लागली.

संध्याकाळी ५.३०
बायको सहल पूर्ण करून आली. गालांवर ऊन लागलंय. म्हणाली, छान होती. छत्रीवालीशी गप्पा मारल्या म्हणे. कशाबद्दल, विचारलं. म्हणाली, आरशाबद्दल. बायकांचं हे असं असतं.

निश्चय: उद्यापासून कुणाशीही वाद घालायचा नाही. सगळं शनिवारी.

गुरुवार, ७ मार्च. दुपारी ४.००
जुन्या गोदामात कपड्यांचं प्रदर्शन. राजाचा शपथविधीचा कोट, खरा, काचेत. बघतो तर बटणं उलटी! म्हणजे लोक म्हणतात तशी सुलटी. गेली दोन वर्षं असाच आहे म्हणे. तिथल्या कर्मचाऱ्याला सांगितलं, की हा कोट नकली आहे, अस्सल बदलून हा ठेवला गेलाय, पोलिसांत द्या. त्याने नाव-पत्ता लिहून घेतला. माझाच.

तेवढ्यात एक पांढऱ्या केसांची बाई आली. मालिकेचे कपडे हिनेच केले म्हणे. मला म्हणाली, तुमच्या कोटावरचं भरतकाम फार सुंदर आहे. असणारच. पाठीवर राजाची शपथ भरून घेतली आहे, मालिकेतल्याच लिपीत: 'माझं रक्त झोपत नाही.' लिपी मी स्वतः पडद्यावरून शिकलो, अक्षरं मी काढून दिली आणि बायकोने अकरा संध्याकाळी बसून भरली. वेशभूषावाली बाई माझ्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली. मग बायकोला बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजली. बायको आधी तोंडावर हात ठेवून हसली आणि मग एकदम हसायची थांबली. कारागिरांची आपसातली असूया असते.

शनिवारी हॉलला येणार का, मी विचारलं. बाई म्हणाली, आता तर नक्कीच.

शुक्रवार, ८ मार्च. दुपारी १२.२०
राजदरबार. एवढ्यासाठी जीव आसुसला होता. जिथे सिंहासन खोटं बोलतं, जिथे राणी उजव्या काळजावर हात ठेवून पडते, तो दरबार म्हणजे इथला बंद पडलेला पोहण्याचा तलाव. फरश्या फुटलेल्या. क्लोरीनचा वास. सिंहासन होतं तिथे पाटी: खोली चार फूट, उडी मारू नये.

सहा वेळा मी या दरबारात रडलोय.

वाईट वाटलं. हे खोडत नाही.

संध्याकाळी ६.४५
बायको चहाच्या वेळी म्हणाली, अहो, उद्याचं भाषण नका करू. मी म्हटलं, का? ती म्हणाली, घसा बसलाय तुमचा. माझा घसा ठणठणीत आहे. मग म्हणाली, आपण पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊ, मी चौकशी केली आहे, बस आहे. मग म्हणाली, तुम्ही ती मालिका दुसऱ्या कुणाच्या टीव्हीवर एकदा बघा, एकच भाग बघा, मग करा भाषण पुढच्या वर्षी.

आता कळलं. तिला माझं नाव झालेलं सहन होणार नाही. मी तसं बोललो. बोलायला नको होतं कदाचित. ती म्हणाली, सत्तावीस वर्षं तुमच्या शर्टाची बटणं मी लावली, मला डावं-उजवं कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? मी म्हटलं, प्रश्न बटणांचा नाही. ती म्हणाली, प्रश्न बटणांचाच आहे. आणि बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून ठेवला.

पाण्याचा अपव्यय. पण तक्रार लिहिली नाही.

निश्चय: भाषण शांतपणे करायचं. टाळ्यांना थांबायचं. शेवटी तिला माफ करायचं.

शनिवार, ९ मार्च. सकाळी ८.००
ती माझ्या कोटाला इस्त्री करते आहे. इस्त्री नेहमीपेक्षा हळू चालली आहे. एकदा तिने पाठीवरच्या अक्षरांजवळ कात्री नेली आणि विचारलं, टाके उसवून टाकू? दहा मिनिटं लागतील. मी कोट हातातून ओढून घेतला.

दुपारी २.४०, हॉलच्या मागच्या खोलीत
हॉल भरलाय. चारशे तरी माणसं. पहिल्या रांगेत वेशभूषावाली, छत्रीवाली आणि एक तलवार-मास्तर, ज्याने मालिकेतल्या सगळ्यांना तलवारबाजी शिकवली. पंखवाला लांडगाही आहे, त्याच्यामुळे मागच्या दोन रांगांना काही दिसणार नाही. संमेलनाचे अध्यक्ष दाढीवाले आहेत. त्यांनी माझं नाव चुकीचं घेतलं. चालायचंच.

खडीसाखर तोंडात आहे. भाषणाचे कागद आधी डाव्या हातात धरले, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या.

संध्याकाळी ६.१०
शांतपणे, जसं झालं तसं लिहितो.

मी म्हटलं, मित्रहो, आजपर्यंत जगाने या राजाचा उजवा हात पाहिला, मी तुम्हाला डावा दाखवतो. पहिला फोटो पडद्यावर लावला. तलवार डाव्या हातात. कुठेतरी एक खुदकन आवाज झाला. मी पुढे गेलो. वजीर डावखुरा. न्हावी डावखुरा. दाई डावखुरी. हसू वाढत होतं. मला वाटलं, आनंदाने हसताहेत. शोध लागल्यावर माणूस हसतो. मी आवाज चढवला. म्हटलं, आणि हे घोडे! घोड्यावर हे लोक उजवीकडून चढतात! तलवार-मास्तर खुर्चीवरून घसरला. डोळे पुसत उठून म्हणाला, साहेब, त्या राजाला मी नऊ महिने उजवा हात शिकवला हो!

मी म्हटलं, तसं तुम्हाला वाटलं. यावर हॉल कोसळला.

मग मी काळजाचा पुरावा दिला. मग बटणांचा, पुरावा क्रमांक चौऱ्याहत्तर, आणि तो देताना पडद्याकडे वळलो. वळल्यामुळे पाठ लोकांकडे झाली. वेशभूषावाली उठून स्टेजवर आली, पर्समधून छोटा आरसा काढला, माझ्या पाठीमागे धरला आणि आरशात बघून शपथ मोठ्याने वाचली. अक्षर न् अक्षर बरोबर. आरशात.

तेव्हा मला कळलं. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. आधी भिंत. मग बंदर. मग लॉटरीची जाहिरात, आणि ढब्ब्या, आणि चोरीची प्रत पकडली जाऊ नये म्हणून चित्रच कुणीतरी डावं-उजवं उलटून टाकलं असणार, हे. सहा वेळा. सात सीझन. लिपीसकट.

चारशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. दाढीवाल्या अध्यक्षांनी मला मिठी मारली. माइकवर म्हणाले, उलट्या कॉपीवर मालिका बघणाऱ्यांची इतकी जबरदस्त टिंगल आम्ही जन्मात ऐकली नाही, आणि शेवटपर्यंत चेहऱ्यावरची रेषही हलली नाही! लांडग्याने शिट्टी वाजवली.

मी माइक हातात घेतला. खरं सांगायची संधी होती. हॉल गप्प झाला. बावीस वर्षांत माझ्यासाठी एवढी माणसं कधी गप्प झाली नव्हती. मी वाकून नमस्कार केला आणि खाली उतरलो.

बायको शेवटच्या रांगेत होती. ती हसत नव्हती. बाकी सगळे हसत होते.

रविवार, १० मार्च. सकाळी १०.३०, परतीच्या गाडीत
सकाळपासून तीन अनोळखी माणसांनी हात मिळवला. काउंटरवालीने सही मागितली. सोमवारची माझी तक्रार तिने खणातून काढली, वाचली आणि त्यावरही हसली. दाढीवाल्यांनी पुढच्या वर्षीचं निमंत्रण दिलंय. वीस मिनिटं नाही, चाळीस. विनोदी कार्यक्रमांच्या विभागात. पुढच्या वर्षी काय सांगू, हा प्रश्न आहे. यंदा काही ठरवून केलं नव्हतं.

निश्चय: ढब्ब्याशी कायमचं बोलणं बंद. कोट घालायचा नाही. मालिकेचं नाव घरात काढायचं नाही.

११.०५
बायकोने खिडकीची जागा मला दिली आणि डबा उघडला. उकडलेली अंडी आणि ब्रेड. मला एक अंडं सोलून दिलं. मग बाहेर बघत, सहज विचारल्यासारखं म्हणाली, सगळे म्हणत होते की तुम्ही मुद्दामच तसं लिहिलं होतं, लोकांना हसवायला. खरंच का हो?

मी म्हटलं, अर्थात. तुला काय वाटलं?

ती म्हणाली, मलाही तेच वाटलं. आणि माझ्याकडे न बघता दुसरं अंडं सोलायला घेतलं, अगदी सावकाश, टरफलाचा एकेक तुकडा काढत. मी रुमाल शोधेपर्यंत ती त्या अंड्याकडेच बघत राहिली.

तिला तसं वाटलं नव्हतं. मीही तसं लिहिलं नव्हतं.